चौथी सीट

मराठी कार्यक्रमात पाहुण्यांचा परिचय करून द्यायला कुणी माइकपाशी गेलं की मी खिशातून शेंगदाण्यांची पुडी काढतो. घाई नसते. ‘सुप्रसिद्ध कवी, कथाकार, गिर्यारोहक, मोडी लिपीचे अभ्यासक, नियमित रक्तदाते, जुन्या नाण्यांचे संग्राहक, उत्तम बासरीवादक’ इथवर आलं तरी पाहुण्यांचं नाव अजून लांब असतं. ‘अशा या अष्टपैलू व्यक्तिमत्त्वाला मी विनंती करते’ हे शब्द कानावर पडले की पुडी गुंडाळायची. पाहुणे उठतात, उजेडात येतात आणि आपण बघतच राहतो. अरे, हे तर आपल्या बँकेतले! परवाच यांनी आपला चेक सही जुळत नाही म्हणून परत पाठवला होता.

परिचयात बँक नव्हती. ती कधीच नसते. ज्या एका गोष्टीवर घराचा हप्ता, मुलीची फी आणि खुद्द बासरीही उभी आहे, नेमकी ती गाळायची अशी आपल्याकडे रीत आहे. बाकीचे आठही पैलू ऐकून वाटतं, हा माणूस रोज सकाळपासून आठही बाजूंनी लखलखत असणार. प्रत्यक्षात पैलूंना पाळ्या लावलेल्या असतात. बासरीची पाळी साधारणपणे शेजारी गावाला गेले की येते.

मी डोंबिवलीत राहतो आणि मुंबईत एका विमा कंपनीत नोकरी करतो, त्यामुळे माझं जे काही तत्त्वज्ञान आहे ते मध्य रेल्वेच्या हद्दीतलं आहे. लोकलमधला बाक तिघांचा. त्यावर चौघे बसतात. या चौथ्याची तरतूद रेल्वेच्या कुठल्याही कायद्यात नाही, पण त्याला नाही म्हणण्याची हिंमत अजून कुणाला झालेली नाही. तो येतो, ‘जरा’ म्हणतो. पुढचं वाक्य तो बोलत नाही आणि तिघांनाही ते ऐकू येतं. मोबाइलवरची नजर न काढता तिघंही अंगठाभर सरकतात. तीन अंगठे मिळून जी जागा होते तिच्यावर चौथा अर्धा टेकतो. उरलेला अर्धा मुलुंडपर्यंत हवेत असतो. कुणी उठलं, की इंच इंच लढवत तो आत येतो.

माणसाची हौस अशीच चौथ्या सीटवर बसलेली असते. नोकरी, संसार आणि नातेवाईक हे तिघं कल्याणहून बसून आलेले. पाय पसरून. पैकी नातेवाइकांनी खिडकी धरलेली. गाणं, नाटक, लिखाण, ट्रेक, जे काय असेल ते, डोंबिवलीला चढतं आणि ‘जरा’ म्हणतं.

ही काही आजची गोष्ट नव्हे. ज्या संगीत नाटकाचा आपल्याला एवढा अभिमान, ते आलं कुठून? अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली पुण्यात ‘शाकुंतल’ रंगमंचावर आणलं तेव्हा ते रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीला होते. म्हणजे आपली संगीत रंगभूमी कचेरी सुटल्यानंतरच्या वेळात जन्माला आली. दिवसभर महसुलाचे कागद सरकवलेले हात संध्याकाळी शकुंतलेची पदं रचत होते. त्या काळी बायोमेट्रिक हजेरी असती तर दुष्यंत अजून शिकारीवरच असता.

विनोदी लेखनाचे आद्य आचार्य श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी वऱ्हाडात वकिली केली, नाटकं लिहिली, ‘सुदाम्याचे पोहे’ लिहिले, महाराष्ट्रगीत लिहिलं, आणि या सगळ्यातून वेळ काढून ‘भारतीय ज्योतिर्गणित’ नावाचा ग्रंथही लिहिला. विनोद लिहिता लिहिता ग्रहांची गणितं करणारा माणूस माझ्या डोळ्यांपुढे नीट येत नाही. मला विनोदी लेख लिहायचा म्हटला की घरातली वजाबाकीसुद्धा चुकते.

टिळकांचं उदाहरण आमच्या ऑफिसातले सगळे देतात. गणित, संस्कृत, ज्योतिष, दोन वर्तमानपत्रं, राजकारण. आणि वर ‘गीतारहस्य’. खरं आहे. पण ‘गीतारहस्य’ लिहून झालं ते मंडालेच्या तुरुंगात. 1908 ते 1914 या काळात लोकमान्यांना एकही लग्नाची पत्रिका आलेली नसणार. गॅसचा नंबर लावलात का, सोसायटीच्या मीटिंगला कोण जाणार, आत्याला एकदा भेटून या, हे विचारायला मंडालेपर्यंत कुणी येत नव्हतं. टिळकांच्या बुद्धीबद्दल मला शंका नाही. ‘वेळ काढला की मिळतो’ म्हणणाऱ्यांना मात्र मी त्यांचं उदाहरण देऊ देत नाही. त्यांना तो सरकारनं दिला होता.

मराठी रंगभूमीला खरी भरती आली ती डॉक्टरांची. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे, काशीनाथ घाणेकर दातांचे, मोहन आगाशे मनाचे, जब्बार पटेल लहान मुलांचे. ही मंडळी एका बसमध्ये बसवली असती तर फिरतं इस्पितळच झालं असतं. जब्बार पटेलांचा दवाखाना दौंडला आणि नाटक पुण्यात. 1972 साली ‘घाशीराम कोतवाल’ उभं राहिलं तेव्हा नाना फडणवीस मानसोपचारातले आणि दिग्दर्शक बालरोगातले. घाशीरामला तिसऱ्या अंकापर्यंत कुणी तपासलं कसं नाही, असं आमच्या एका मित्राला नेहमी वाटतं. त्या नाटकाला तीन अंक नाहीत, हे त्याला सांगून उपयोग नाही. तो अर्ध्या तासात झोपला होता.

आमच्या ऑफिसातल्या हौशी मंडळींना लागूंचा फार आधार वाटतो. ‘बघा, सर्जन होते, तरी नटसम्राट केलं!’ इथे तपशिलात थोडी गफलत आहे. ‘नटसम्राट’ 1970 सालचं. डॉक्टरांनी त्याआधीच, 1969 मध्ये, डॉक्टरकीला रामराम ठोकून पूर्ण वेळ नाटक धरलं होतं. म्हणजे त्यांनी दोन्ही सांभाळलं नाही. बाकावरच्या एकाला सरळ उठवलं. वसंतराव देशपांड्यांची पुष्कळ वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात गेली, अशोक सराफ स्टेट बँकेत होते. दोघांनीही पुढे खुर्ची सोडली. आपल्याला ठाऊक असलेल्या बहुतेक अष्टपैलू माणसांच्या चरित्रात मध्ये कुठे तरी एक राजीनामा असतो. ज्यांनी तो दिला त्यांची चरित्रं निघाली. ज्यांनी दिला नाही ते सोमवारी मस्टरवर सही करायला हजर होते आणि त्यांचा परिचय शेंगदाण्यांच्या एका पुडीत आटोपतो.

आणि पु. ल.? लेखक, नट, पेटीवादक, संगीतकार, दिग्दर्शक, प्राध्यापक. 1953 च्या ‘गुळाचा गणपती’ची ओळखच ‘सबकुछ पु. ल.’ अशी आहे. सुनीताबाईंचं ‘आहे मनोहर तरी’ 1990 मध्ये आलं. ते वाचल्यावर माझ्यापुरता मी त्या ओळखीत थोडा बदल केला आहे : सबकुछ पु. ल., आणि बाकीचं सगळं सुनीताबाई.

आमच्या घरी हा विषय निघाला तेव्हा बायको मटार सोलत होती. ती म्हणाली, ‘‘अहो, तुमच्या त्या अष्टपैलूंच्या यादीत बाई कुठे आहे हो?’’ मी दुर्गाबाई भागवतांचं नाव घेतलं. मानववंशशास्त्र, ललित लेखन, शिवाय स्वयंपाक. ‘‘बाकीच्या?’’ मी मटार सोलायला घेतले.

बाकीच्या लोकलच्या बायकांच्या डब्यात असतात. पश्चिम रेल्वेनं 1992 साली अख्खी गाडीच बायकांसाठी सोडली आणि तिला लेडीज स्पेशल म्हटलं. बाकीच्या जणींचं डब्यावर भागतं. बायको सांगते त्यावरून त्या डब्यात एक विद्यापीठ, एक बाजार समिती आणि एक भिशी मंडळ एकाच वेळी चालू असतं. एक जण कोथिंबीर निवडते. दुसरी खात्यांतर्गत परीक्षेचं गाइड पाठ करते. तिसरी पहिलीला निवडताना आणि दुसरीला पाठ करताना बघून दोघींच्या चुका काढते. चौथी उभ्या उभ्या फोनवरून घरच्या कुकरला सूचना देते. कुकरपाशी तिचा नवरा असतो, पण सूचना कुकरलाच असतात. या बायकांना कुणी अष्टपैलू म्हणत नाही. फार झालं तर ‘तिचं बाई सगळं वेळच्या वेळी असतं’ म्हणतात. एवढ्या भूमिका पुरुषानं केल्या तर त्याचा नागरी सत्कार होतो. बाईनं केल्या तर तिला सून म्हणतात.

बायकोनं मुलगी नोकरीला लागल्यावर गाणं शिकायला घेतलं. लहानपणी राहून गेलं होतं. आता गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांच्या वाटेनं तिची चाल आहे : प्रारंभिक झाली, प्रवेशिका प्रथम झाली. परीक्षेच्या दिवशी मी सोबत गेलो होतो. बाहेर व्हरांड्यात फ्रॉकमधल्या परीक्षार्थी, त्यांच्या वेण्या, त्यांच्या आया, पाण्याच्या बाटल्या. एका आईनं आपुलकीनं विचारलं, ‘‘तुमची कुठली?’’ बायको म्हणाली, ‘‘मीच.’’ त्या आईनं माझ्याकडे पाहिलं. मी पालक म्हणून मान डोलावली.

आत हाताने तीनताल देऊन दुगुन म्हणून दाखवायची होती. शेजारच्या नऊ-दहा वर्षांच्या मुलीनं जाता जाता हिला धीर दिला, ‘‘काकू, समेवर घाबरायचं नाही. सम चुकली तर जोरात हसायचं.’’ ही परत आली तेव्हा चेहरा प्रसन्न होता.

‘‘काय विचारलं?’’

‘‘भूप विचारला. मग म्हणाले, घरी रियाज होतो का? म्हटलं, होतो. म्हणाले, किती वेळ? म्हटलं, भात होईपर्यंत.’’

हे अगदी खरं आहे. मोबाइलमधला तानपुरा मसाल्याच्या डब्याला टेकून लावायचा, षड्ज धरायचा आणि कणीक मळायची. अलंकार चालू असतात. कुकरची पहिली शिट्टी आली की हिचा आरोह जिथे असेल तिथे थांबतो, ‘एक’ असं ती भूपातच म्हणते आणि पुढे निघते. मध्येच तानपुरा बंद पडून त्या जागी नणंदेचा फोन वाजायला लागतो. तोही ती घेते, कारण न घेतला तर पुढच्या रियाजाला पुन्हा येतो. गुरुजींना एवढंच कळतं की या बाईंचा मध्यम बिघडतो. भूपात मध्यम नसतो. तो नणंदेच्या फोनचा असतो.

माझी स्वतःची हौस नाटकाची. दिवाळी सरली की आमच्या भागात राज्य नाट्य स्पर्धेचं वारं सुटतं. त्या वाऱ्यानं आमचाही ग्रुप जागा होतो, पण आमची मजल एकांकिकेपर्यंत. तालीम रात्री नऊनंतर एका शाळेच्या वर्गात. बाकं तिसरीच्या मुलांची. त्यांत बसलं की गुडघे हनुवटीला लागतात आणि सगळीच भूमिका करुण वाटायला लागते. दिग्दर्शक रसायनशास्त्राचे शिक्षक. खलनायक ऑडिटर, त्यामुळे मार्चमध्ये त्याच्या वाईटपणाला फुरसत नसते. नायक वीज मंडळात. पावसाळी हवा असली की प्रेमप्रवेशाच्या ऐन मध्यावर त्याचा फोन वाजतो, कुठलासा फीडर ट्रिप झालेला असतो, आणि तो ‘मी तुझ्याशिवाय’ एवढं म्हणून मोटारसायकलला किक मारतो. नायिका नर्स. तिला रात्रपाळी असली की त्याला सुट्टी, त्याला सुट्टी नसली की तिला. म्हणून एक दिवस तो यायचा, एक दिवस ती. ज्या दिवशी जो नसेल त्याची वाक्यं मी म्हणायची. अशा रीतीनं मी त्या दोघांवरही आळीपाळीनं मनापासून प्रेम केलं.

स्पर्धेच्या दिवशी दोघं पहिल्यांदा एकमेकांसमोर आले ते थेट रंगमंचावर. ती लाजली. तो खरोखरच विसरला की पुढे काय म्हणायचं. परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं होतं : ‘पहिल्या भेटीतलं अवघडलेपण अत्यंत नैसर्गिक. तालमी भरपूर केलेल्या दिसतात.’

या सगळ्या प्रकाराला माझ्या पुतण्याच्या भाषेत ‘अनमॅनेज्ड’ म्हणतात. पुतण्या पुण्यात हिंजवडीला आयटीत आहे. त्याच्या प्रोफाइलवर नावाखाली लिहिलंय : इंजिनिअर, मग उभी रेघ, ट्रेकर, उभी रेघ, ढोलवादक, उभी रेघ, बेकर, उभी रेघ, स्वप्नाळू. परिचय देणाऱ्या निवेदिकेचं काम या पिढीनं स्वतःच उरकून टाकलं आहे. पंचवीस वर्षांत तो अर्ध्या मॅरेथॉन पळाला, हिमालयात जाऊन आला, गणपतीच्या आधी दोन महिने रोज संध्याकाळी नदीपात्रात ढोल बडवतो आणि शनिवारी घरी पाव भाजतो. पाव भाजण्यात मोठेपणा काय, हे त्याच्या आजीला समजत नाही. ‘‘अरे, कोपऱ्यावर बेकरी आहे की!’’

‘‘काका, टाइम ब्लॉकिंग करा,’’ असं म्हणून त्यानं मला त्याचं कॅलेंडर दाखवलं. निळं म्हणजे ऑफिस, लाल पळणं, पिवळा ढोल, जांभळं वाचन. मधल्या फटीत हिरव्या रंगाचा एक लहानसा तुकडा होता. मी चष्मा लावून वाचलं : ‘आईशी फोन, 15 मिनिटं, मंगळ आणि शुक्र.’

‘‘आणि आईनं गुरुवारी केला तर?’’

‘‘गुरुवारी लाल आहे, काका.’’

माझ्या वहिनी निळ्यात, लालात, जांभळ्यात कधीही फोन करतात हे मला ठाऊक होतं. त्या कुठल्याच रंगाला जुमानत नाहीत. त्यांच्याकडे भिंतीवरचं कालनिर्णय असतं, आणि त्यात दूधवाल्याचे खाडे लिहिलेले असतात. पोराचं मन मोडायचं नव्हतं म्हणून विचारलं, ‘‘आणि यात नुसतं बसणं कुठे आहे?’’ त्यानं प्रामाणिकपणे शोधलं. रविवारी सकाळी फिकट राखाडी रंगाचं ‘रिलॅक्स’ होतं, साडेनऊ ते दहा. त्याचाही गजर लावलेला होता.

एवढी धावपळ कशाला, निवृत्तीनंतर करू की, असं म्हणणारा एक पंथ आहे. आमच्या मजल्यावरचे एक गृहस्थ त्या पंथाचे. पस्तीस वर्षांची नोकरी मान खाली घालून केली. मग पेटी घेतली, दुर्बीण घेतली, मोठ्या टायपातली ज्ञानेश्वरी घेतली, चित्रकलेचं सामान घेतलं. तिघंही बाकावरून उठून गेले, आता आडवं पडून प्रवास करायचा! पहिल्याच महिन्यात सोसायटीची सर्वसाधारण सभा झाली. ‘तुम्हाला काय, वेळच वेळ आहे’ असं म्हणून त्यांना एकमतानं सेक्रेटरी केलं. विरोधात फक्त त्यांचं मत होतं आणि ते सभ्यपणामुळे त्यांनी टाकलं नाही. आता पेटीवर टँकरवाल्याची बिलं असतात. दुर्बिणीतून ते तारे बघत नाहीत. पार्किंगमध्ये कुणाची गाडी कुणाच्या जागेत आहे ते बघतात. मला म्हणाले, ‘‘नोकरी होती तेव्हा निदान रविवार असायचा हो.’’

बासरी मात्र प्रत्येक घरात असते, हे मी पाहिलं आहे. अनिल अवचटांचं काही वाचलं, ते डॉक्टर असून लाकूड कोरायचे, ओरिगामी करायचे, चित्रं काढायचे, व्यसनमुक्तीचं काम त्यांनी उभं केलं आणि वर बासरीही वाजवायचे असं कळलं, की माणूस बेचैन होतो आणि जत्रेतून बासरी आणतो. लाकूड कोरण्यापेक्षा ते सोपं वाटतं. ती पुढे कपाटामागे पडलेली चड्डी-टॉवेल काढायला उपयोगी येते. आमच्याकडची तशीच आहे. परवा बायकोनं ती धुऊन पुसून बाहेर काढली आणि फुंकून पाहिली. म्हणाली, ‘‘षड्ज लागतो हो हिचा.’’ आता कपाटामागचं काढायला मला दुसरं काहीतरी शोधावं लागणार आहे.

पुतण्यानं मात्र मला सोडलेलं नाही. गेल्या आठवड्यात माझ्या मोबाइलवर त्याच्याकडून एक कॅलेंडरची चौकट आली : ‘काकांशी गप्पा, 30 मिनिटं, गुरुवार, रात्री 9.’ खाली तीन बटणं होती : हो, नाही, कदाचित. गुरुवार म्हणजे लाल. माझ्यासाठी पोरानं लाल हलवलं होतं. पण गुरुवारी नऊला तालीम, आणि त्या दिवशी नायिका येणार, म्हणजे नायक मी. मी ‘कदाचित’ दाबलं आणि वहिनींना फोन करून सांगितलं, गुरुवारी नऊला तुमचा मुलगा अर्धा तास मोकळा आहे, लावा फोन.